अकराव्या मात्रेला श्वास

दुपारी जेवून रूथ आडवी होते तेव्हा तिच्या छातीवर स्वरलिपीचे कागद असतात आणि डोक्यात उत्तमकाकांचा प्रश्न. संध्याकाळपर्यंत सांग, असं ते सकाळी बजावून गेलेत. रविवारी नगरला पाच पितळी वाद्यांची मैफल आहे: दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, उत्तमकाकांचा ट्रॉम्बोन आणि पप्पांचं युफोनियम. पप्पा जाऊन दीड महिना झाला. त्यांच्या जागी पुण्याहून कुणाला बोलवायचं, की रूथनं लिहिलेली रचनाच वगळायची, एवढंच तिला ठरवायचं आहे.

ती वगळणार आहे. कारण त्या रचनेचा शेवट. सोळा मात्रांचा एकच सूर, खर्जातला, युफोनियमनं एका दमात धरायचा. शेवटच्या तालमीत पप्पांनी विचारलं होतं, मध्ये एक श्वास घेऊ का. ती नाही म्हणाली होती. सूर तुटला तर सगळी रचनाच वाया, असंही म्हणाली होती. त्यांनी तीनदा धरून पाहिला. चार दिवसांनी ते इस्पितळात होते.

डोळ्यांवर ऊन येतं म्हणून ती कूस बदलते, तर त्या बाजूला पप्पा बसलेत. शांतवन साळवे, पोलीस बँडमधले निवृत्त हवालदार, प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर झोपलेलं मूल घ्यावं तसं युफोनियम घेऊन. नळीतलं पाणी ते फरशीवर काढतायत. आत्ताच पुसलीय, ती म्हणते. वाळेल, ते म्हणतात, आणि जेवणात काय होतं ते विचारतात.

"दोडका."

"मग उशिरा आलो ते बरं केलं."

ती हसते. हसताना तिला कळतं की ते गेलेले आहेत, आणि हेही कळतं की तसं म्हणून दाखवायचं नाही.

खोलीला आता भिंती नाहीत. पोलीस मुख्यालयाचं मैदान आहे, चुन्याच्या रेघा आखलेल्या, आणि रेघांमधून दोघं चालतायत. पप्पा तिच्या रचनेबद्दल बोलतायत. त्यांना ती आवडली होती, पण फार सावकाश आहे, असं त्यांचं म्हणणं. तिच्यावर संचलन ठेवलं तर जवान उभ्या उभ्या झोपतील आणि साहेब सलामी घेता घेता निवृत्त होतील. ती म्हणते, ती संचलनासाठी नाहीच मुळी. ते म्हणतात, माहितीय गं, चार जणांना मीच समजावलं ना.

मैदान संपतं तिथून त्यांच्या इमारतीचा जिना सुरू होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पप्पा थांबतात, कठड्याला धरून, दम खात खाली वाकतात. ती दोन पायऱ्या वर उभी आहे, नेहमीसारखी, किल्ली हातात घेऊन.

"काय झालं, पप्पा?"

"बुटाची नाडी सुटली."

ती त्यांच्या पायांकडे बघते. पायांत चपला आहेत. गेलं वर्षभर ते या वळणावर बुटाची नाडी बांधायला थांबत होते, आणि वर्षभर त्यांच्या पायांत चपलाच होत्या.

"तू कधी खाली बघितलंच नाहीस," ते म्हणतात. तक्रार नाही त्यात. उलट एखादी चोरी पचल्यासारखे ते खूश दिसतात.

तिला जे विचारायचं आहे ते विचारायला आता जिना उरलेला नाही. इस्पितळातला वॉर्ड आहे. खाटांच्या मधोमध उत्तमकाका आणि बाकीचे तिघं वाद्यं घेऊन बसलेत आणि नर्स त्यांच्यामधून वाट काढत औषधं वाटते आहे. पप्पा खाटेवर टेकतात.

"त्या सुरानं झालं का, पप्पा?"

ते चादरीची घडी सारखी करतात. मग म्हणतात, "दम लागला. खोटं कशाला सांगू? पण दुखणं जुनं होतं, बाळा. आणि तो सूर मला धरायचा होता. जमत नाही हे तुझ्यापुढं बोलायला लाज वाटली."

"मी श्वास दिला असता."

"नसता दिलास," ते म्हणतात. "हट्टी आहेस. कुणावर गेलीस ते सांगायला नको."

मग ते तिला बँडमधली रीत सांगतात. लांब सूर दोघांनी धरायचा. एकानं श्वास घ्यायचा, तेवढ्यात दुसऱ्यानं सांभाळायचं. तोही मध्यावर घ्यायचा नाही, तिथं ऐकणाराही श्वास घेतो आणि त्याला पकडता येतं. कुणाच्या ध्यानीमनी नसेल तिथं घ्यायचा. अकराव्या मात्रेला, समजा.

युफोनियम तिच्या हातात आहे. तिला वाजवता येत नाही, ती पेटी आणि पियानोवाली. पण पप्पांकडे आणखी एक आहे आणि त्यांनी सूर लावलेलासुद्धा आहे. फुंकायच्या पितळी वाटीला ती ओठ टेकवते. सूर लागतो. दोघांचा मिळून एक. ती मोजते. अकराव्या मात्रेला पप्पा वाद्य खाली घेतात आणि श्वास घेतात, लांब, आरामात, छाती भरेपर्यंत. ती त्यांच्या परतण्याची वाट बघते. ते परतत नाहीत. खाटेवर मागे टेकून, डोळे मिटून ते ऐकतायत, आणि सूर चालू आहे, तिच्याकडून चालू आहे, पंधरा, सोळा.

ती जागी होते तेव्हा ऊन भिंतीवर गेलेलं असतं. कागद जमिनीवर पसरलेत. ती उत्तमकाकांना फोन लावते. पुण्याच्या माणसाला बोलवा, असं तिला सांगायचं आहे, आणि शेवटच्या सुरात अकराव्या मात्रेच्या आधी तुम्ही हळूच ट्रॉम्बोन मिळवा, म्हणजे त्याला श्वास घेता येईल. पण शब्द धड उमटत नाहीत. उत्तमकाका विचारतात, रडतेस का गं.

"नाही," ती म्हणते आणि तोंडाला हात लावते. ओठ बधिर आहेत. वरच्या ओठापासून हनुवटीच्या खळीपर्यंत बोटांना एक गोल वळ लागतो, त्या पितळी वाटीच्या काठाएवढा, अजून गरम.