उर्वशीच्या पोरीला काय झालं?

आमच्या आरमोरीकडे धानाचा रोवणा चालतो तेव्हा बायका एका रांगेत वाकून, चिखलात रोपं खोचत मागं मागं सरकतात. रांग सोडून एकटीला कुठं जाता येत नाही. शेजारी जी असेल तिच्याबरोबर बांधी, म्हणजे बांधाच्या आतला धानाचा तुकडा, संपेपर्यंत सरकायचं. त्यामुळे कुणाच्या घरातलं काही उकरून काढायचं असेल तर यासारखी सोय नाही. उर्वशीला सगळे प्रश्न तिथंच विचारतात.

"पोटुशी होती तवा ग्रहणात काही चिरलं होतं का वो?"

"धनराजच्या घराण्यात होतं का कोणी असं?"

"दुसरं काऊन नाई होऊ देत?"

विचारणाऱ्या काही वाईट बायका नाहीत, असं म्हणायची रीत आहे. मला विचाराल तर त्या वाईटच आहेत. जिला पळता येत नाही तिला गाठून असं विचारायचं आणि वर 'काळजीनं विचारलं' म्हणायचं, ही कसली माया?

मी उर्वशीची शेजारीण. आमच्या दोन अंगणांमध्ये तुराट्यांचं कुंपण आहे. तिची मोनाली माझ्या डोळ्यांसमोर वाढली. जन्मली तेव्हा तिला रडायलाच उशीर झाला, मेंदूला हवा कमी पडली. हात-पाय ताठरतात, भिंत धरून चालते, शब्द जिभेवरून सावकाश येतात. पण येतात. तेवढं थांबायची तयारी असेल तर ती तुम्हाला अख्ख्या आळीच्या बातम्या सांगेल. थांबतं कोण? लोक तिच्या देखत तिच्या आईला विचारतात, "हिले समजते का काही?"

उर्वशी प्रत्येकीला खरं तेच सांगते. "ग्रहण नाई, बाहेरचं नाई. जन्मतानी हवा कमी पडली. डॉक्टरनं सांगतलं." दर वर्षी तेच. पुन्हा पुढच्या बांधीत तीच बाई तेच विचारते, कारण तिला उत्तर नकोच असतं. तिला उर्वशीचा दोष हवा असतो.

तिचा नवरा धनराज मात्र वेगळा. पानठेल्यावर कुणी विषय काढला की म्हणायचा, "लहानपणी ताप आला होता." एवढं बोलून सायकलवर टांग मारायचा. तापात कुणाच्या घराण्याचं रक्त येत नाही, कुणाचं पाप येत नाही, म्हणून त्यानं ताप धरून ठेवला होता. पोरीवर जीव टाकायचा. शाळेत न्यायचा, आणायचा, अंघोळ घालायचा. पण चारचौघांत तिच्याबद्दल खरं एक वाक्य बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. उर्वशीचा त्याच्यावर जेवढा राग होता तेवढा त्या बायकांवरही नसेल.

मग गेल्या दिवाळीनंतर आमची मंडई आली.

मंडई म्हणजे नुसती जत्रा नाही. गावोगावचे पाहुणे येतात, घराघरात बिऱ्हाड पडतं, आणि दुकानं बघता बघता पोरी बघून होतात. निम्म्या सोयरिकी मंडईतच जुळतात. धनराजची धाकटी बहीण चंचल, तिला बघायला चिमूरकडचे लोक येणार होते. मुलगा प्रफुल मोटारी दुरुस्त करतो. चंचलनं त्याला एका लग्नात पाहिलेलं, तिच्या मनात भरला होता. घरात आनंदच होता.

त्या आनंदात धनराजची आई कलाबाई सुनेला म्हणाली, "पोरीले पोंभुर्ण्याले मामाकडे धाड. पाहुणे गेले का आणजो."

उर्वशीनं हातातला झाडू खाली टाकला. "मंडईची वर्षभर वाट पाहते ते."

"आन् चंचलचं? घरात अशी पोट्टी दिसली तर कोण करते सोयरीक? चंचलच्या पोटी बी असंच येईन म्हणतीन."

दोघींची चांगलीच जुंपली. धनराज खाली मान घालून बैलाला वैरण टाकत राहिला. शेवटी चंचल रडायला लागली तेव्हा उर्वशी अर्ध्यावर आली. मामाकडे नाही, पण पाहुणे असेपर्यंत मोनाली शेजारी, माझ्याकडे बसेल. बैठक उठली की तिला मंडईत न्यायचं. यावर तडजोड झाली आणि सगळ्यांना ती फार शहाणपणाची वाटली. तुराट्यांच्या कुंपणातून भांड्याला भांडं लागलेलंही ऐकू येतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पाहुणे आले तेव्हा मोनाली माझ्या अंगणात बाजेवर बसली होती. अंगात नवा फ्रॉक, केसाला रिबीन. वेणी चंचलनंच घालून दिली होती. पलीकडे मुलाचा काका रामाजी खाकरून बोलायला लागला. धान किती पिकतं, पोरगी किती शिकली, स्वयंपाक येतो का. चंचल पोहे देऊन आत गेली. सगळं नीट चाललं होतं. मोनाली आपल्या आत्याची परीक्षा कान देऊन ऐकत होती, मधूनच माझ्याकडे बघून हसत होती.

मग रामाजीनं सहज विचारलं, "धनराज भाऊ, तुमाले लेकरंबाळं काय?"

कसला खोचकपणा नव्हता त्यात. माणसं विचारतात तसं विचारलं.

धनराज काही बोलायच्या आत कलाबाईचा आवाज आला. "नाई अजून. देवाची इच्छा."

मी मोनालीकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिनं माझा हात धरला आणि तिची बोटं ताठ झाली. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. ताप आला म्हणा, ग्रहण म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण अख्ख्या लेकराला नाही म्हणायचं? दहा वर्षं मांडीवर घेऊन भरवलेल्या नातीला?

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. मला वाटलं उर्वशी असेल. धनराज होता. तो कुंपणाला वळसा घालून माझ्या अंगणात आला, माझ्याशी एक अक्षर न बोलता त्यानं पोरीला उचललं आणि परत गेला. मीही मागोमाग गेले. आता कसली लाज धरायची होती?

"हे माही पोरगी मोनाली," तो रामाजीला म्हणाला. "जन्मतानी हवा कमी पडली म्हणून अशी हाये. ताप नाई, काही नाई. आई खोटं बोलली."

उर्वशी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडत होतं.

पाहुणे सभ्य होते. मोनालीच्या गालाला हात लावला, चहा घेतला, मंडईही फिरले. चार दिवसांनी फोनवर नकार कळवला. "पोरीचं आमाले काई नाई, पण तुमी लपवलं ना भाऊ," असं रामाजी म्हणाला म्हणे. वा. आधी सांगितलं असतं तर हे लोक चिमूरहून निघालेच नसते. पण असं म्हटलं की नकारही देता येतो आणि चांगुलपणाही जात नाही.

चंचलनं भावाशी बोलणं टाकलं. तिचा राग मला कळतो. तिचं मन मोडलं, आणि त्यात तिची चूक काहीच नव्हती. तरी मोनालीची वेणी मात्र ती रोज घालत होती. कलाबाई येईल-जाईल त्याला सांगत सुटली, "पोरानं बहिणीचं वाटोळं केलं." गावात धनराजलाच नावं ठेवणारे जास्त निघाले. थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं, म्हणे. बापानं पोरीला थोडा वेळ नाही म्हटलं तर बिघडत नाही, अशी ही माणसं.

मोनाली या सगळ्यात गप्प होती. बोलायला वेळ लागणारं लेकरू गप्प झालं तर कुणाच्या लक्षात येतं? उर्वशीच्या आलं. एका दुपारी मी त्यांच्या अंगणात तिच्याबरोबर तूर निवडत बसले होते. कलाबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. मोनाली आईला म्हणाली, "आई... आजीनं... मले... नाई... काऊन म्हटलं?"

उर्वशीनं आजवर लोकांच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली होती, पण हा प्रश्न तिचा नव्हता. तिनं पोरीचं तोंड पदरानं पुसलं आणि म्हणाली, "मले नोको इचारू. जिनं म्हटलं तिले इचार."

मोनाली उठली. भिंत धरत, एकेक पाय ओढत ओसरीपर्यंत गेली. आम्ही दोघी मदतीला उठलो नाही. कलाबाईनं ती येताना पाहिली आणि सूप जोरात हलवायला लागली.

"आजी," मोनाली म्हणाली, "मी... नाई... का?"

सूप थांबलं.

"सांगा ना बाई," उर्वशी सासूला म्हणाली. "लेकरू उभं हाये."