तू बांध हो

भात कापून झालं की घरामागचा कुणगा, म्हणजे चारी बाजूंनी बांध असलेला शेताचा तुकडा, आमचं फुटबॉलचं मैदान व्हायचा. धसकटं पायात टोचायची, पण एक मोठी सोय होती: चेंडू बाहेर जायचाच नाही, बांधावर आपटून परत यायचा. समोर कुणी आडवा आला की मी चेंडू बांधावर मारायचो, त्याला वळसा घालायचो आणि परतलेला चेंडू घेऊन पुढे पळायचो. या युक्तीवर मी भलताच खूश होतो.

शिकवायला शेजारचे काका. ते बोटीवर कामाला. सुट्टीवर आले की आम्हां प्राथमिक शाळेतल्या पोरांना जमवायचे.

त्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर मिरजोळ्याच्या पोरांशी सामना ठरला, तिकडच्या कातळावरच्या उघड्या मैदानात. नेमके बाबाही मुंबईहून आलेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी बजावलं, "उद्या बघतो तुझा खेळ. दम नसेल तर फुटबॉल बंद." बाबांचा शब्द म्हणजे शब्द.

सामना सुरू झाला. समोर एक दांडगा पोरगा आला, मी सवयीने चेंडू बाजूला हाणला आणि वळसा घालून पळालो. चेंडू काही परत आला नाही. तो घरंगळत थेट करवंदीच्या जाळीत गेला. लोक खो खो हसले. थोड्या वेळाने मी पुन्हा तेच केलं. पायांना कोण समजावणार? तिकडचे मास्तर चुकलेल्या पोराला लगेच बाहेर बसवत होते, पालक "पाड त्याला" म्हणून ओरडत होते. आमच्या बाजूने सगळ्यात मोठा आवाज बाबांचा होता, "अहो, काढा त्याला भायेर! माझाच आहे म्हणून सांगतो!"

काका वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आमच्यात चुकला म्हणून कुणाला भायेर काढत नाय."

मध्यंतरात मी रडकुंडीला आलो होतो. काकांनी माझ्या एका गुबगुबीत, पळायला कंटाळणाऱ्या मित्राला रेषेजवळ उभं केलं. "तू बांध हो. ह्याने मारलान की तसाच परत द्यायचास." मग मला म्हणाले, "आणि तू आपल्या कुणग्यातच आहेस असं समज."

मी समजलो. चेंडू मित्राच्या पायावर आपटून परत आला, दांडगा पोरगा मागे राहिला आणि मी गोल केला. सामना आम्ही हरलोच, त्यांचे गोल आधीच पुष्कळ झाले होते. पण त्या दिवशी मला बाहेर काढलं असतं तर मी पुन्हा चेंडूला पाय लावला नसता. काकांचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

घरी येताना बाबा झपझप पुढे निघून गेले. संपला आपला फुटबॉल, असं मी धरून चाललो.

सकाळी घरामागून हाक आली. बाबा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून कुणग्याच्या मधोमध उभे होते. म्हणाले, "तो बांध विसर. दुसरीकडे कुठे मिळणार नाय. मी आहे ना, मार."

मी मारला. बाबांनी पाय पुढे केला, तो चुकला आणि चेंडू मागे निघून गेला. हसावं की नाही ते मला कळेना.

"बघतोस काय रे?" बाबा म्हणाले. "चुकलो म्हणून भायेर काढणार काय मला?"