खुंटीवरचं हँडल

ग्रीसचा वास आला की मला रोह्यातली ती सकाळ आठवते. डॉक्टर असलेल्या माझ्या वडिलांची मोटार हँडल मारून सुरू व्हायची, म्हणून ते हँडल रोज माजघरात खुंटीला टांगत. तेच आमचं कुलूप. तरी मोटार चोरीला गेली आणि नदीपलीकडच्या अष्टमी गावात, काठच्या चिखलात रुतलेली सापडली. वडिलांनी ड्रायव्हरवर संशय घेतला. हवालदारांनी खुंटीवरचं हँडल काढून त्याच्या ग्रीसला चिकटलेला ओला चिखल चाचपला. “ड्रायव्हर माजघरात येतो?” “ओटीच्या पुढं नाही,” वडील म्हणाले. “बाहेरचा चोर हँडल परत आणून टांगत नाय, डॉक्टरसाहेब.” वडिलांनी तक्रार मागं घेतली. दुपारी आम्ही घरचे सगळे एका पंगतीत जेवलो, एकमेकांच्या हातांकडे बघत. आज त्या पंगतीतली मी एकटीच उरले आहे. कबूल कुणीच केलं नाही.