नवव्या पानावरच्या चार ओळी

इस्त्रीवालीच्या नवऱ्याचा फोटो पेपरात पहिल्या पानावर आला. खाली ठळक अक्षरांत, ‘इस्त्रीवालाच निघाला चोर’. खरं एवढंच होतं की समोरच्या इमारतीत चोरी झाली, पोलिसांनी पाचसहा जणांबरोबर त्यालाही चौकशीला नेलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. खरा चोर दोन दिवसांनी माल विकताना सापडला. त्याचा फोटो कुणी छापला नाही.

तेव्हापासून नवरा टपरीत पडद्यामागे बसून इस्त्री करायचा. एरवी घरोघरी कपडे पोचवायचा तोच. आता म्हणाला, "तू जा. मला बघून लोक कडी लावतात."

बाई मुळातच तिखट. सलग नऊ दिवस ती पेपरच्या कचेरीत जाऊन बसली. "लिहिणारा एकदा तरी टपरीवर आला? विचारायला काय जीभ झडली होती?" शेवटी नवव्या पानावर, हवामानाखाली, दिलगिरीच्या चार ओळी आल्या.

टेबलामागचा माणूस वैतागला. "छापलं ना, मावशी? आता काय दवंडी पिटू?"

"पिटा की! बदनामी ढोल वाजवून, आणि माफी कानात?"

इस्त्री केलेले कपडे ती जुन्या पेपरात गुंडाळून द्यायची. त्या तारखेचे न खपलेले अंक तिने रद्दीवाल्याकडून उचलले आणि प्रत्येक गठ्ठा असा बांधला की त्या चार ओळी वर याव्यात. भोवती लाल पेनाची चौकट. बऱ्याच घरांत लोकांनी न बघताच कागद टरकावला. तिची सगळी भिस्त तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंवर होती. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी मानलं तर अख्खी इमारत मानेल.

वकीलबाईंनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या. "तू तिथे ठाण मांडलंस म्हणे. मग छापणारच ते. हल्ली पेपरात कोण कुणाच्या दबावाने काय छापेल, भरवसा नाही गं."

"मग फोटो आला त्या दिवशी कसा ठेवलात भरवसा?"

वकीलबाईंनी गठ्ठा सोडला आणि दारातच कपडे मोजायला घेतले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

इस्त्रीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मोजा," ती म्हणाली. "सावकाश मोजा. चौदा आहेत."

चौदा होते.

"शनिवारी नवरा घेऊन येईल," ती म्हणाली.

"नको," वकीलबाई नजर चुकवत म्हणाल्या. "तूच येत जा."

ती खाली आली तेव्हा नवऱ्याने पडद्याआडून विचारलं, "वाचलं का त्यांनी?"

"वाचलं. चष्मा लावून."

"मग?"

खोटं तिला सांगवलं नाही. "तू नको, म्हणाल्या."

मग तिने पडदा खिळ्यावरून उपसून काढला, इस्त्रीचं टेबल धरलं आणि खर्रकन ओढत थेट रस्त्याच्या कडेला नेलं. अर्धवट इस्त्री झालेला शर्ट तसाच त्यावर पसरलेला होता.

तो तिच्याकडे बघत राहिला. हातातली इस्त्री गार होत होती. तो उठून बाहेर आला.