पूनमचं परत येणं

पूनमला एखादी गोष्ट कळली नाही की ती सरळ उभी राहायची आणि म्हणायची, "सर, मला न्हाई कळलं. परत सांगा." आमच्या सांगलीच्या कॉलेजात वर्गातल्या निम्म्यांना कळलेलं नसायचं, पण उठायची ती एकटीच. पोरं हसायची, सर वैतागायचे, आणि दुसऱ्यांदा सांगितलेलं आम्ही सगळे गुपचूप वहीत उतरवून घ्यायचो. मी तर पहिल्या बाकावरून.

ती आष्ट्याजवळच्या एका वाडीची. वडील सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांच्या उसाच्या रानाचा एक मोठा तुकडा क्षारपड झाला होता, वर्षानुवर्षं पाणी देऊन वर पांढरं मीठ फुटलं होतं. "वैदेही, त्या रानात अनवाणी चाललं की पाय पांढरं हुत्यात बघ," ती सांगायची. "मला तेवढं रान नीट करायचंय. पदवी काय, भिंतीवर लावायला." म्हणून तिनं मातीचा विषय घेतला. मी घेतला तो मार्क बरे पडतात म्हणून.

शेवटच्या सत्रासाठी आम्हा दोघींची जर्मनीतल्या एका विद्यापीठात निवड झाली. इथल्या दोघी तिकडं, तिकडचे दोघे इकडं, असा सहा महिन्यांचा मामला. पूनमच्या चुलत्यांनी गावच्या चौकात फ्लेक्स लावला. एका कोपऱ्यात पूनम, बाकी सगळीकडे शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले चेहरे, आणि मधे मजकूर: "जर्मनी येथे दोन वर्षांच्या उच्च शिक्षणासाठी निवड." सहा महिने लिहिलं तर पोरगी सहलीला चालली असं वाटेल, असं चुलत्यांचं म्हणणं. पूनम म्हणाली, "आबा, हे खोटं हाय. उतरवा." आबा म्हणाले, "असू दे गं. त्यानं हौसंनं लावलाय. कोण मोजत बसतंय?"

जर्मनीत पहिला महिना मी रडून काढला. ती आबांचा मिलिटरीचा हिरवा स्वेटर चढवून मला ओढत बाहेर न्यायची. "थंडीकडं बघत बसलीस तर ती लय वाजणार. चालायला लाग." प्रयोगशाळेत तिनं मोडक्या इंग्रजीत आपलं जुनंच चालू ठेवलं: कळलं नाही, परत सांगा. तिथले प्राध्यापक मात्र वैतागायचे नाहीत, खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसायचे. एकदा तिनं त्यांना आबांच्या रानाचे फोटो दाखवले. अख्खी दुपार दोघं त्यावर बोलत होते. निघताना त्यांनी तिच्या हातात पत्र दिलं. पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी तिची जागा राखून ठेवली होती, शिष्यवृत्तीसकट. दोन महिन्यांत होकार कळवायचा होता. मला पत्र मिळालं नाही, आणि मिळायला नकोच होतं.

सत्र संपवून, चांगल्या मार्कांनी पास होऊन आम्ही परत आलो. माझ्या घरी पेढे वाटले गेले. पूनमच्या चौकात तो फ्लेक्स अजून होता, उन्हानं फिका पडलेला. दोन वर्षांची पोर सहा महिन्यांत आली, तेव्हा आठ दिवसांत गावानं ठरवून टाकलं की तिला तिथून हाकललं. कुणी नापास म्हणालं, कुणी त्याहून वाईट.

मी तिला भेटायला गेले, तेव्हा घराच्या पुढच्या सोप्यात भावकीतली चार माणसं चहा पीत बसली होती. एक म्हातारे मला म्हणाले, "पोरी, तू संगं हुतीस न्हवं? खरं काय झालं आमच्या पूनमचं?" आबांनी माझ्याकडं पाहिलं. चुलतेही तिथंच होते. "सहाच महिने होते, फ्लेक्स चुकीचा होता," एवढं बोलायचं होतं. पण त्यांच्याच घरात बसून त्यांना खोटं कसं पाडायचं? मी म्हणाले, "तिची तब्येत बिघडली होती हो. तिथली हवा मानवली नाही." चुलत्यांनी चटकन मान डोलावली. मला वाटलं, काय छान निभावून नेलं मी. पूनम कपबशा घेऊन दारात उभी होती. ती तशीच आत वळली.

पुढं तिनं आबांसमोर ते पत्र ठेवलं, तेव्हा आबा म्हणाले, "जिथं तब्येत बिघडली तिथं परत कशी धाडू?"

"आबा, मी एक दिस आजारी न्हवते. तुमाला ठावं हाय."

"मला ठावं हाय गं. पण गावाला आता काय सांगू?"

हे तिनंच मला फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "माझं कुणी खरं मानत न्हाई. तू ये. त्याच माणसांफुडं सांग, मी खोटं बोलले म्हणून. तेवढं केलंस तर आबा धाडतील मला." मी म्हणाले, रविवारी येते. आई म्हणाली, "लोकांच्या घरच्या भानगडीत कशाला पडतेस?" खरं सांगायचं तर आईचं म्हणणं मला सोयीचं होतं. तो रविवार गेला, पुढचाही गेला. मग होकार कळवायची मुदतच गेली.

त्यानंतर तिला साताऱ्याचं स्थळ आलं. आजारपणाची बातमी त्यांच्याही कानावर गेलेली. त्यांनी अट घातली, मुलीची तपासणी करून घ्या. मिरजेच्या दवाखान्यात दोन दिवस पूनमचं रक्त काढलं, छातीचे फोटो काढले, नाही नाही ते प्रश्न विचारले. दोष काही निघाला नाही. निघणार कुठून?

लग्नाला मी साताऱ्याला गेले. स्टेजवर तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "पूनम, चुकलं गं माझं."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "सोप्यात बोललीस ते चुकून बोललीस. त्याचं मला काय न्हाई. पण दोन ऐतवार तू घरात बसून राहिलीस. ते चुकून न्हाई झालं."

फोटोग्राफरनं आम्हाला जवळ उभं राहायला सांगितलं. आम्ही उभ्या राहिलो.