बाईने काढलेली वळचण

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत मधल्या सुटीत डबा उघडून बसलो होतो. सानगडीहून बाईच्या शेजारच्या शांताकाकू बोलत होत्या. "विलास, कुंदानं सकाळपासून दार नाही उघडलं रे... आमी मागून आत गेलो. तू ये." डबा तसाच टाकून मी निघालो. लाखनीहून सानगडी काही फार लांब नाही. पण या रस्त्याने आपण सहा महिन्यांत एकदाही आलो नाही, एवढंच मला वाटेत आठवत राहिलं. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. अंगणात माणसं जमली होती आणि आत टेबलावरचा कॉम्प्युटर चालूच होता. तो बंद करावा, हे दुपारपर्यंत कोणाला सुचलं नाही.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. कुंदाबाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ड्राफ्ट्समनचा कोर्स करून ती नागपूरला एका आर्किटेक्टकडे लागली होती. आईला लकवा मारला तेव्हा नोकरी सोडून सानगडीला परतली. मीही येऊ शकलो असतो, पण घरात तसा विषयच निघाला नाही... मी तर काढला नाहीच. पुढे आई गेली आणि बाई त्या घरात एकटी राहिली. तोवर पुण्याच्या एका ऑफिसचं काम तिला घरबसल्या मिळू लागलं होतं. ते ऑफिस परदेशातल्या, बर्फ पडणाऱ्या मुलखातल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर उभी करायचं. त्यातला एकच भाग बाईकडे यायचा : वळचण. भिंतीच्या पुढे आलेली छपराची कड. तिच्या खालची फळी, पन्हळ, हवा खेळायला ठेवलेली फट, सगळं बाईने काढायचं. अशी शेकडो घरं तिने काढली असतील. त्यातलं एकही तिने पाहिलं नाही.

एकदा मी तिच्या मागे उभा राहून पाहत होतो. मला सगळी छपरं सारखीच दिसत होती. म्हटलं, "बाई, हे त कॉम्प्युटरच करते ना? तू एवढा वेळ काय करून राहिली?" ती हसली. "छप्पर दे म्हटलं त थो देते. पण भिंत कुठी थांबते अन् छप्पर कुठी बसते, हे त्याले नाही समजत. हे पाह्य, या बाजूचा उतार जास्त, त्या बाजूचा कमी. तरी खालची कड एका रेघेत आली पाहिजे. मंग एकाले जरा पुढं काढा लागते, दुसऱ्याले मागं घ्या लागते." मग तिने छप्पर मधोमध कापल्यासारखं करून आतली लाकडं दाखवली. त्या दिवशी ती पुष्कळ बोलली. चहा झाल्यावर मी निघालो तेव्हा म्हणाली, "बस ना अजून." मी थांबलो नाही.

लाखनीत मी घर बांधायला काढलं, तेव्हा छपराचं चित्र अर्थात बाईनेच करून दिलं. पश्चिमेची वळचण तिने अडीच फूट पुढे काढली होती. "पाणी याच बाजूनं येते, विलास. भिंतीले छत्री पायजे." पण हायवेवर तेव्हा सपाट तोंडाची घरं उठत होती आणि मलाही तसंच घर हवं होतं. मी मिस्त्रीला वळचण सहा इंचांवर आणायला सांगितली. बाईला कळवलं नाही. वास्तुशांतीला ती आली, अंगणात उभी राहून एकदा वर पाहिलं, आणि आत जाऊन माझ्या बायकोबरोबर पानं वाढू लागली. एक शब्द बोलली असती तर मी भांडलो तरी असतो. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली, खिडकीची चौकट फुगली. बाईला काय तोंडाने सांगायचं, म्हणून मी तिला घरी बोलवायचंच टाळत गेलो. या गोष्टीला चार वर्षं झाली.

तेरवीनंतर पुण्याच्या ऑफिसातल्या एका मुलीचा फोन आला. बाईकडे अर्धं राहिलेलं काम तिला हवं होतं. मी सानगडीला जाऊन कॉम्प्युटर लावला आणि ती सांगेल तसं शोधत गेलो. परदेशी नावांच्या त्या रांगेत मधेच मराठीत लिहिलेलं दिसलं : 'विलास, लाखनी'. त्या मुलीला हवं होतं ते पाठवून झाल्यावर मी ते उघडलं.

आत माझं घर होतं. तिने आखून दिलेलं नव्हे, मी बांधलेलं. सहा इंचांची वळचण, फुगलेली खिडकी, सगळं जसंच्या तसं. माझ्या पोरीच्या वाढदिवसाचे फोटो मी बाईला पाठवले होते, त्यातली मागची भिंत पाहून तिने ओल ओळखली असावी. छपराला धक्का न लावता त्याच्या खाली, भिंतीतून निघणाऱ्या लाकडी टेकूंवर, तिने एक वेगळं छोटं छप्पर बसवलं होतं. कोणत्याही सुताराला कळावा असा एकेक जोड मोठा करून दाखवला होता. सगळी मापं होती, फक्त खिडकीच्या माथ्यापासून वळचणीपर्यंतच्या उंचीपाशी चौकटीत आकडा नव्हता. आकड्याच्या जागी लिहिलं होतं : 'जागेवर जाऊन मोजणे.'

फोटोतून ते माप निघण्यासारखं नव्हतं. त्यासाठी तिला माझ्या घरी यावं लागलं असतं, आणि मी बोलावल्याशिवाय ती येणार नव्हती.

मागच्या आठवड्यात शिडी लावून मी स्वतः वर चढलो. सुतार खाली कागद-पेन्सिल घेऊन उभा होता. "किती भरलं, गुरुजी?" मी टेप पुन्हा लावला, तेच माप आलं. "एक फूट सात इंच," मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं आणि लाकूड कापायला गेला. मी बराच वेळ शिडीवरच होतो.

टेकू बसले, नव्या छपरावर मातीचे कवेलू चढले. काल सानगडीला जाऊन कॉम्प्युटरवरची धूळ झटकली, तो लावला, ते चित्र उघडलं. त्या चौकटीत आकडा कसा भरायचा, ते पुण्याच्या त्या मुलीने मला फोनवर समजावून दिलं आहे. दोन बोटांचं काम... पण 'जागेवर जाऊन मोजणे' हे बाईचे शब्द त्याने पुसले जातील. मी तसंच बंद केलं.