लाल टॅगची खुर्ची
दुपारी खुर्चीचं रेक्झिन तापलं की त्याचा उग्र वास सुटतो आणि मला जालन्याची सळयांची मिल आठवते. तिथं लोखंडी स्टुलावर बसून मी सळयांची जाडी तपासायचे. बुडाखाली आईनं जुन्या लुगड्याची शिवलेली गोधडी असायची. एकदा मिलमध्ये कामाची जागा आवरायची, फाईव्ह एसची मोहीम आली. जी वस्तू वापरात नाही तिला लाल टॅग लावायचा आणि भंगारात टाकायची. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर माझ्या गोधडीलाच टॅग बांधला. "हे काय घर हाये का? फेका बाहेर!" लोक हसले, गोधडी भंगारात गेली. पुढं टॅग लावायचं काम माझ्याकडं आलं, आणि तेच सुपरवायझर साहेब जत्रेसाठी पिंपळगाव रेणुकाईला गेले. त्यांची रेक्झिनची फिरती खुर्ची आठवडाभर रिकामी होती. मी तिला टॅग बांधला. परत आल्यावर ते ओरडले, "माझी खुर्ची कुठं गेली?" मी म्हणाले, "भंगारात, साहेब. आठवडाभर कुणी बसलंच न्हाई, मंग तुमचाच नियम बराबर पाळला." त्यांनी तो महिना स्टुलावर काढला. ती खुर्ची मी भंगारवाल्याकडून उचलून आणली, आज ती माझ्या ओसरीवर आहे. गोधडी मात्र परत मिळाली नाही, म्हणून बसताना मी जरा जोरातच बसते.